ॲपची मोजणी : गल्ल्यावर की गिऱ्हाइकाच्या फोनात?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी बरेच जण आता दुकानाचे स्वतःचे ॲप करून घेऊ लागले आहेत. घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदारांच्या ऑर्डरी ॲपवर घेतात. ड्रेस मटेरियल, दुपट्टे, चादरी विकणारे थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतात. ॲप बनवणारा मुलगा काम संपत आले की एक प्रश्न हमखास विचारतो, "शेठ, ॲनालिटिक्स कोणते लावू?" आणि आपण उत्तर देतो, "सगळे लावतात ते लाव." दुकानाच्या पाटीचा रंग ठरवतानासुद्धा आपण याहून जास्त विचार करतो.

ॲनालिटिक्स म्हणजे मोजणी. किती लोक आले, काय पाहिले, काय घेतले, कोठून परत गेले, याची नोंद. माल किती भरायचा आणि जाहिरातीवर पैसा किती घालायचा, हे पुढे याच आकड्यांवर ठरते. शिवाय गिऱ्हाइकाची माहिती कोणाच्या हाती जाणार हेसुद्धा त्या एका उत्तरात ठरून जाते, आणि माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे.

मोजणीच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत ॲपच्या आतच, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनात, मोजणीचा तयार कोड बसवलेला असतो. संगणकवाले त्याला एसडीके म्हणतात, आपण त्याला मोजणीचे किट म्हणू. गिऱ्हाइकाने ॲप उघडले, कापडाचा फोटो मोठा करून पाहिला, टोपलीत माल टाकला, की हे किट त्याची नोंद करते आणि किट बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे पाठवून देते. आपण त्या कंपनीच्या पानावर जाऊन आकडे पाहायचे. ही क्लायंट-साईड मोजणी. दुसऱ्या तऱ्हेत मोजणी आपल्या सर्व्हरवर होते. सर्व्हर म्हणजे आपण भाड्याने घेतलेला तो संगणक, जेथे मालाची यादी, भाव, ऑर्डरी आणि पैशाच्या नोंदी राहतात. ॲपमधून निघालेली प्रत्येक मागणी त्याच्याकडे येतेच, तेव्हा आल्या जागी तिची नोंद करून ठेवायची. ही सर्व्हर-साईड मोजणी.

दुकानाच्या भाषेत सांगायचे तर दुसरी तऱ्हा म्हणजे गल्ल्याजवळ बसलेल्या मुनिमाची वही. पहिली म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे एक माणूस सोडणे. त्याने कोणता ताका हाताळला, कोणता भाव विचारला, हे तो टिपून घेतो आणि संध्याकाळी आपल्याकडे न येता बाजारातल्या एका मोठ्या पेढीवर जाऊन सांगतो. मग ती पेढी त्यातले आपल्याला दाखवायचे तेवढे दाखवते.

हे असे पहिल्यापासून नव्हते. १९९० च्या दशकात वेबसाइटची मोजणी सर्व्हरवरच होत असे. सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लॉग नावाच्या फायलीत लिहितो, आणि त्या ओळी वाचून अहवाल तयार करणारे प्रोग्राम मिळत. अर्चिन हा त्यांपैकीच एक. २००५ साली गुगलने अर्चिन बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गुगल ॲनालिटिक्स या नावाने मोजणीची सेवा मोफत सुरू केली. पहिल्याच आठवड्यात इतकी गर्दी झाली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. पानावर चार ओळींचा कोड चिकटवायचा, बस्स. लॉग फायलींची झंझट नाही, खर्च नाही. तेव्हापासून मोजणी गल्ल्यावरून उठली आणि गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये, पुढे स्मार्टफोन आल्यावर त्याच्या खिशात गेली. सोय मोठी होती यात शंका नाही. पण सोय पाहून आपण मुनिमाची वहीच बंद केली, हे बरोबर झाले नाही.

आधी पैशाच्या मोजणीकडे पाहू, कारण येथे फोनातले किट सर्वांत कच्चे ठरते.

आपल्याकडे यूपीआयने पैसे देताना काय होते ते पाहा. गिऱ्हाईक आपल्या ॲपमध्ये "पैसे भरा" दाबते. फोन त्याला यूपीआयच्या ॲपमध्ये नेतो. तेथे ते पिन टाकते, पैसे कापले जातात. आता त्याने परत आपल्या ॲपमध्ये येऊन "धन्यवाद, ऑर्डर मिळाली" हे पान पाहायला हवे, कारण विक्रीची नोंद किट बहुधा त्याच पानावर करते. परंतु पैसे कापल्याचा संदेश आला की गिऱ्हाईक फोन खिशात टाकते. कोणाचा फोन आला, रेंज गेली, मेमरी कमी म्हणून फोनने आपले ॲप मागच्या मागे बंद केले. काहीही होऊ शकते. विक्री झाली, पैसे आले, आणि मोजणीत विक्री नाही. उलट पेमेंट गेटवे मात्र पैसे जमा झाल्याची खबर थेट आपल्या सर्व्हरला देते, गिऱ्हाइकाचा फोन चालू असो वा बंद. या खबरीला वेबहूक म्हणतात. ती सर्व्हरवर टिपली की नोंद पक्की. पहिल्या वेळी पोहोचली नाही तर गेटवे बहुधा पुन्हा पाठवते, म्हणून ऑर्डर क्रमांक पाहून तीच खबर दोनदा लिहिली जाणार नाही एवढी काळजी घ्यावी लागते.

याच्या उलट चूकही होते. वेबसाइटवर ऑर्डर झाल्याचे पान कोणी पुन्हा उघडले, पावतीचा फोटो काढण्यासाठी ताजे केले, तर नीट न बसवलेले किट एकच विक्री दोनदा मोजते. रोजमेळात एकच रक्कम दोनदा चढवणाऱ्या मुनिमाला आपण किती दिवस ठेवू?

कापडाच्या धंद्यात तर परतीचा माल हे एक वेगळेच प्रकरण आहे. रोख घेऊन माल देण्याच्या पद्धतीत, ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात, ऑर्डर पडली म्हणजे विक्री झाली असे नाही. कुरियरवाला दारापर्यंत जातो आणि गिऱ्हाईक म्हणते, नको. रंग फोटोपेक्षा फिका निघाला, पोत जाड वाटला, कारणे पुष्कळ. फोनातल्या किटने ऑर्डर पडली त्याच दिवशी विक्री म्हणून आकडा चढवलेला असतो आणि परत आलेल्या पार्सलाशी त्याचा संबंध राहत नाही. समजा एका जाहिरातीने शंभर ऑर्डरी आणल्या आणि चाळीस परत आल्या. दुसरीने सत्तर आणल्या आणि पाच परत आल्या. किटचे पान पहिल्या जाहिरातीला शाबासकी देईल. सर्व्हरवरच्या वहीत ऑर्डर, रवानगी, पोच, परत, परतावा या सगळ्या पायऱ्या एकाच ऑर्डर क्रमांकाखाली असतात. तेथे पाहिले तर पहिलीत साठ आणि दुसरीत पासष्ट माल राहिला, वर पहिलीत चाळीस पार्सलांचे जाणे-येणे खिशातून गेले. हा हिशोब शाळकरी आहे, पण तो करायला आकडे एका जागी हवेत.

आणखी एक गोष्ट. जाहिरात आणि पाळत अडवणारी साधने आता सर्रास वापरली जातात, आणि त्यांतली बरीच मोजणीचे किटही अडवतात. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून पानावरच्या कोडने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले. म्हणजे आठ दिवसांनी परत आलेले जुने गिऱ्हाईक मोजणीत नवे म्हणून दिसते. तेव्हा फोनातली मोजणी म्हणजे नमुना आहे, पुरी नोंद नव्हे. नमुन्यावरून कल येतो. ताळेबंद मात्र नमुन्यावर मांडता येत नाही.

इतके झाल्यावर "मग सगळेच सर्व्हरवर मोजा" असे म्हणणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. गल्ल्यावर बसलेल्या मुनिमाला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात काय चालले आहे ते दिसत नाही. फोटो कितीदा मोठा करून पाहिला, यादी कोठपर्यंत सरकवली, पत्त्याचा फॉर्म भरताना पिन कोडच्या रकान्यावर कंटाळून कोण निघून गेले, यातले काहीही सर्व्हरपर्यंत येत नाही, कारण बटण दाबेपर्यंत फोन सर्व्हरशी बोलतच नाही. ॲप एखाद्या स्वस्त फोनवर उघडताच बंद पडत असेल तर सर्व्हरला ते गिऱ्हाईक आलेच नाही असे वाटते. फोनातली मोजणी नसेल तर त्या मॉडेलचे सगळे लोक हातचे जातील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही. रेंज नसताना पाहिलेला कॅटलॉग, फोनातच साठवून ठेवलेले फोटो, यांचेही तसेच.

सर्व्हरच्या नोंदीत फसवे आकडेही असतात. गुगलसारख्या शोधयंत्रांचे रोबोट, भाव चोरून पाहणारे प्रोग्राम, हे सगळे सर्व्हरला गिऱ्हाइकासारखेच दिसतात. आयपी पत्ता मोजून माणसे मोजायला जावे तर मोबाईल कंपन्या एकाच पत्त्याआड पुष्कळ ग्राहक ठेवतात, त्यामुळे मोहल्लाभर लोक एकच माणूस म्हणून मोजले जातात. म्हणून सर्व्हरवर माणसे मोजायची तर लॉगिन केलेल्या खात्यावरून मोजावीत. आयपीवर विसंबणे म्हणजे दारातल्या चपला पाहून घरातली माणसे मोजणे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. ज्या गोष्टीला पैसा, माल किंवा वचन चिकटलेले आहे ती सर्व्हरवरच मोजावी आणि तोच आकडा अखेरचा मानावा. ज्या गोष्टी सर्व्हरला दिसूच शकत नाहीत त्यांच्यापुरते फोनात काहीतरी ठेवावे. ते थोडे असावे, आणि शक्य असेल तर त्याची नोंद दुसऱ्या कंपनीकडे न जाता आपल्याच सर्व्हरकडे यावी. किट लावणे ही रीत होऊन बसली आहे ती बदलून, किट लावायला कारण द्यावे लागेल अशी रीत पाडली पाहिजे.

आता अमानतीचा मुद्दा. गिऱ्हाईक आपल्यावर भरवसा ठेवून नाव, नंबर, पत्ता देते. तो भरवसा आपल्यावर असतो, किट बनवणाऱ्या कंपनीवर नव्हे. तिचे तर त्याने नावही ऐकलेले नसते. फोनात बसलेल्या किटला मात्र ॲपला मिळालेल्या परवानग्यांचा आसरा मिळतो. ॲपला ठिकाण पाहण्याची परवानगी असेल तर आतले किटही ते पाहू शकते.

याची किंमत काय होऊ शकते हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे "मुस्लिम प्रो" हे ॲप आपल्यातल्या किती तरी घरांत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तसंस्थेने उघड केले की या ॲपमधून फोनचे ठिकाण एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होते, आणि एक्स-मोड ती माहिती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांना विकत होती. तेव्हा ते ॲप ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा उतरवले गेले होते. ॲप चालवणाऱ्यांनी आपण लष्कराला थेट काही विकत नसल्याचे सांगितले आणि एक्स-मोडशी संबंध तोडला. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगल या दोघांनी ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचे किट काढून टाकायला सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला, जिचे नाव तोवर आउटलॉजिक झाले होते, संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

एक्स-मोडचे किट मोजणीचे नव्हते, ठिकाण गोळा करण्याचे होते, हे खरे. कोणी तसा आक्षेप घेईल. म्हणून दुसरे उदाहरण देतो, ज्यात नावच मोजणीचे होते. मेझरमेंट सिस्टिम्स नावाची, पनामात नोंदलेली एक कंपनी ॲप बनवणाऱ्यांना पैसे देऊन आपला कोड त्यांच्या ॲपमध्ये घालायला लावत असे. सर्ज एगेलमन आणि जोएल रिअर्डन या दोन संशोधकांना तो कोड सापडला आणि एप्रिल २०२२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ती बातमी छापली. नमाजच्या वेळा सांगणारी काही ॲप्स, रस्त्यावरची वेगतपासणी कळवणारे ॲप, क्यूआर कोड वाचणारे ॲप, अशा निरनिराळ्या ॲप्समध्ये तो होता आणि ठिकाण, ईमेल, फोन नंबर यांसारखी माहिती बाहेर नेत होता. कंपनीने आरोप नाकारले. गुगलने मात्र ती ॲप्स दुकानातून उतरवली आणि कोड काढल्यावरच परत येऊ दिली.

या ॲप्सच्या मालकांची नियत वाईट होती असे धरून चालायचे कारण नाही. आत कोणता कोड आहे आणि तो काय नेतो, हे बहुतेक मालक कधी पाहतच नाहीत. कापडाचे ॲप लष्कराच्या काय कामाचे, असेही कोणी म्हणेल. पण कोणत्या मोहल्ल्यातली कोणती बाई किती रुपयांचा माल, कोणत्या मापाचा, किती वाजता घेते, ही माहिती विकत घेणारे लष्कराशिवाय पुष्कळ आहेत. आपला प्रतिस्पर्धी ज्या कंपनीकडून जाहिराती घेतो त्याच कंपनीचे किट आपल्या ॲपमध्ये असते, याचाही विचार व्हावा.

सर्व्हरवर मोजणी ठेवली की ही गळती थांबते का? आपोआप नाही. येथे एका चोरवाटेचा उल्लेख केला पाहिजे. जाहिरातवाले आजकाल सांगतात की फोनात किट अडवले जाते ना, मग तीच माहिती तुमच्या सर्व्हरवरून आमच्याकडे पाठवा. फेसबुकची कन्व्हर्जन्स एपीआय याच कामासाठी आहे, आणि गुगलचीही सर्व्हरवरून टॅग चालवण्याची सोय आहे. तांत्रिकदृष्ट्या ही मोजणी सर्व्हर-साईडच. परंतु गिऱ्हाइकाने आपल्या फोनात "पाळत नको" म्हणून सांगितलेले असताना मागच्या दाराने त्याचा नंबर आणि खरेदी तिसऱ्याच्या हाती देणे, याला मी व्यापार म्हणत नाही. समोरच्या दारातून पाठवलेली माहिती निदान त्याला अडवता येत होती. सर्व्हरमागून गेलेली त्याला दिसतही नाही. नंबर सांकेतिक करून, म्हणजे हॅश करून, पाठवतो असे सांगितले जाते. पण समोरच्या कंपनीकडे तोच नंबर आधीपासून असतो, ती तोच हॅश काढून जुळवून घेते. जुळवता यावे म्हणूनच तर तो मागितला जातो. म्हणून "सर्व्हर-साईड" हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये. वही आपल्या गल्ल्यावर आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही; तिची नक्कल रोज कोणाकडे जाते हेही विचारावे.

कायदाही आता या बाजूने येत आहे. आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घेणे, काम संपल्यावर माहिती पुसणे, हे त्यात आहे. सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी तरतूद ही की आपल्या वतीने दुसरा कोणी माहिती हाताळत असेल तरी जबाबदारी आपलीच राहते. माहितीची वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला एवढा दंड कोणी करणार नाही हे उघड आहे. परंतु "किट कंपनीने केले, मला माहीत नव्हते" हे उत्तर चालणार नाही, हेही तेवढेच उघड आहे. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यालाही या कायद्यात मनाई आहे, आणि घरातला फोन कोणाच्या हातात असतो हे आपण सगळे जाणतो.

जाहिरात करणाऱ्या मंडळींचा आक्षेप ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे, किट नसेल तर जाहिरात कोणाला दाखवायची हे फेसबुकला, गुगलला कळणार नाही आणि पैसा वाया जाईल. यात तथ्य आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर पाळतीसाठी परवानगी विचारणे सक्तीचे केले, तेव्हा फेसबुकच्या मालक कंपनीनेच पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सांगितले की २०२२ मध्ये आपल्याला सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल. म्हणजे त्या माहितीला किंमत आहे. पण ही किंमत वाचताना एवढेही लक्षात येते की लोकांना विचारले तेव्हा मोठ्या संख्येने त्यांनी नको म्हटले. ज्या व्यापाऱ्याचा महिन्याचा जाहिरात खर्च काही हजारांत आहे, त्याने प्रत्येक जाहिरातीला वेगळा कूपन शब्द किंवा वेगळा दुवा द्यावा. तो ऑर्डरीबरोबर सर्व्हरवर येतो आणि कोणती जाहिरात चालली हे परतीच्या मालासकट कळते, कोणाच्याही मागे माणूस न सोडता. लाखोंनी खर्च करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने किट लावावे, पण गिऱ्हाइकाला विचारून.

खर्चाचे म्हणाल तर सर्व्हरवरच्या मोजणीला पैसे पडतात हे खरे, फुकटच्या किटइतके ते स्वस्त नाही. तरी दिवसाला शे-दोनशे ऑर्डरी असणाऱ्या दुकानाला कोणतीही मोठी यंत्रणा लागत नाही. ऑर्डरींचा तक्ता सर्व्हरवर असतोच. त्याच्या शेजारी घटनांचा एक तक्ता करायचा : केव्हा, कोणत्या खात्याने, काय केले, कोणत्या मालाचे, कोणत्या ऑर्डरीत. एवढ्या पाच रकान्यांतून निम्मे प्रश्न सुटतात. तयार काही हवे असेल तर मातोमो आहे, ज्याचे नाव २०१८ पूर्वी पिविक होते. ते मोफत मिळते, आपल्याच सर्व्हरवर बसते आणि जुन्या पद्धतीच्या लॉग फायलीही वाचते. देखभालीला मात्र माणूस लागतो, हे बनवणाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावे.

सर्व्हरवरच्या मोजणीचा एक फायदा बनवणारेही सांगायला विसरतात. मोजणीत काही बदलायचे झाले तर सर्व्हरवर एका जागी बदल केला की काम झाले. फोनात बदल करायचा म्हणजे ॲपची नवी आवृत्ती काढायची आणि ती गिऱ्हाइकांनी उतरवून घेण्याची वाट पाहायची. फोन भरलेला असतो, डेटा संपलेला असतो. सहा महिन्यांनीही कित्येकांकडे जुनीच आवृत्ती असते आणि तोवर दोन तऱ्हेचे आकडे एकमेकांत मिसळत राहतात. त्यात प्रत्येक किट ॲपचे वजनही वाढवते.

ज्यांचे ॲप आधीच चालू आहे त्यांनी बनवणाऱ्याकडून दोन गोष्टी मागाव्यात. एक, ॲपमध्ये कोणकोणती किट आहेत आणि प्रत्येक किट काय काय बाहेर पाठवते याची लेखी यादी. ॲपलच्या दुकानात डिसेंबर २०२० पासून आणि गुगलच्या दुकानात २०२२ पासून ही माहिती ॲपच्या पानावर जाहीर करावी लागते, तेव्हा यादी नाही असे त्याला म्हणता येणार नाही. ती यादी आणि ॲपच्या पानावर आपल्या नावाने लिहिलेले यांची तुलना करावी. आपल्या नावाने तेथे "माहिती इतरांना दिली जात नाही" असे लिहिले असेल आणि आत तीन किट असतील, तर खोटे आपल्या तोंडून बोलले जात आहे.

दुसरी गोष्ट, जुने आकडे आपल्याकडे उतरवून घेणे. गुगलने आपली जुनी मोजणी सेवा, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, १ जुलै २०२३ पासून थांबवली आणि वर्षभराने, जुलै २०२४ पासून, त्यातले जुने आकडेही पुसायला घेतले. ज्यांनी उतरवून ठेवले नव्हते त्यांची कित्येक वर्षांची मोजणी गेली. ज्यांच्या ऑर्डरी, परती आणि जमा रकमा स्वतःच्या सर्व्हरवर होत्या त्यांचे गेले ते फक्त पाने पाहिल्याचे आकडे.

यादी हातात आली की पंधरा दिवसांचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत : किटने दाखवलेली विक्री, सर्व्हरवरची विक्री आणि बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम. सर्व्हर आणि बँक यांच्यातला फरक कमिशन, परतावा आणि रोखीची पार्सले यांनी पूर्ण समजावता आला पाहिजे. नाही आला तर वेबहूक कोठेतरी गळतो आहे. किट आणि सर्व्हर यांच्यात फरक राहणारच, तो दर आठवड्याला साधारण सारखा राहतो का एवढे पाहावे. ही जुळणी रमजानच्या दीड-दोन महिने आधी करून घ्यावी, कारण ईदची गर्दी एकदा सुरू झाली की ॲप बनवणारा फोन उचलत नाही आणि आपल्यालाही वही उघडायला फुरसत नसते.